तलंगांचा दिवा

कडकताईने कोंबड्या पाळल्या त्या हौसेखातर नाही. तिला रात्रपाळी सोडायची होती.

मी तिला ओळखतो ते इस्पितळाच्या धुलाईघरापासून. मी तळघरात बॉयलरवर होतो, ती वर इस्त्रीच्या रुळावर. माझी वाफ तिच्या रुळात जायची. वाफ कमी पडली की ती पाइपावर चमचा आपटायची. एकदा आपटला तर विनंती, दोनदा आपटला तर शिवी. तिच्या हातून चादरी निघत त्या कागदासारख्या ताठ, कडेला कड लागलेल्या. म्हणून कडकताई. जिभेमुळेही तेच नाव पडलं असतं.

मी निवृत्त झालो, तिला अवकाश होता. साबणाने आणि वाफेने तिच्या बोटांची सालं निघायची आणि थंडीत भेगा पडायच्या. भेगांत साबण गेला की ती रुळापाशी उभ्या उभ्या डोळे मिटून घ्यायची. तोंडातून आवाज काढायची नाही. दिवसा झोप लागायची नाही ती वेगळीच. दुपारची अर्धी पाळी कुणीही मागितली तर मिळत होती, कारण तीत पगारही अर्धाच. ताईने ठरवलं, अर्धा पगार आणि वर अंड्यांची जोड, म्हणजे भागेल. थंडीत अंडी मिळत नाहीत, कारण थंडीत बहुतेक कोंबड्या नुसत्या खाऊन बसतात. ज्याच्या कोंबड्या तेव्हा अंडी देतील त्याच्या दाराशी लोक आपण होऊन येतील. विचार सरळ होता. मेहनत तिला नवी नव्हती.

ती राहायची ते घर माझ्या खोलीसमोर, गल्लीच्या पलीकडे. खाली-वर मिळून चार बिऱ्हाडं, मागे अंगण. अंगणात मोडकी खुर्ची, गंजलेला पाळणा आणि कुणाचंच नसलेलं गवत. मालकाला तिने ते अंगण मागितलं.

मालक म्हणाला, "बाई, कोंबड्या घाण करतात."

"मी रोज झाडीन. तुम्ही बोट फिरवून बघा."

"आणि ओरडतात."

"कोंबडा आणणार नाही. नुसत्या कोंबड्या. तुमच्या भाडेकऱ्यांपेक्षा कमी ओरडतात."

मालक हसला. हसला म्हणून हो म्हणाला, पण अट घातली. थंडी सरेपर्यंत कोंबड्या ठेवा. चारही बिऱ्हाडांना अंडी मिळत असतील आणि कुणाची तक्रार नसेल, तर अंगण तुमचं. नुसत्याच खाऊन बसल्या, तर जागा रिकामी करायची, दुसऱ्या कामाला लावता येईल.

म्हणजे सगळं थंडीवर आलं.

ताईने उन्हाळ्यातच पिल्लं आणली होती. हे तिने बरोबर केलं. जुनी कोंबडी थंडीत पिसं झाडते आणि विसावा घेते. उन्हाळ्याआधी फुटलेलं पिल्लू थंडीच्या तोंडाशी वयात येतं आणि पहिली थंडी अंडी देऊन काढू शकतं. अशा, अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीला तलंग म्हणतात. ताईकडे डझनभर तलंगा होत्या. नावं तिने इस्पितळातल्या माणसांची ठेवली होती. सगळ्यांना ढकलून आधी दाण्यापाशी जाणारी ती मेट्रन. मान वाकडी करून बघणारी भूलवाली डॉक्टरीण. एक सतत कुठेतरी निघालेली आणि कुठेच न पोचणारी होती, तिला ती वॉर्डबॉय म्हणायची.

"कोंबडी आहे ती," मी म्हणालो. "बॉय कशी?"

"काम बघ तिचं," ताई म्हणाली.

खुराडं मी बांधलं. जमिनीपासून उंच, म्हणजे ओल लागणार नाही. झोपायच्या दांड्या रुंद, म्हणजे बसल्यावर पंजे पोटाखाली झाकले जातात आणि गारठत नाहीत. वरच्या बाजूला झरोका ठेवला. नवखे लोक थंडीत सगळं बंद करून टाकतात, मग आतली वाफ जिरत नाही आणि तुऱ्यांना हीव बाधतं. वारा अंगावर येऊ द्यायचा नाही, पण हवा कोंडायची नाही. अंडी घालायच्या खोक्यांत मी लाकडाची अंडी करून ठेवली, कानशीने घासून, चुन्याने रंगवून. तरुण कोंबडीला अंडं कुठे घालायचं ते कळत नाही. खोक्यात आधीच एक दिसलं की तिला वाटतं, कुणीतरी शहाणी इथे बसून गेली.

खुराड्याच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा हवा होता. तो शिंपिणीने शिवला.

शिंपीण त्याच घरात राहायची, तळमजल्यावर मागच्या खोलीत. एकटी, ताईसारखीच. ताई त्या घरात आली त्या दिवशी शिंपिणीने तिला आपली शेगडी वापरू दिली होती, आणि तेव्हापासून दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं. ताईचे धुलाईघराचे झगे तीच शिवायची, तीच दुरुस्त करायची. ताईच्या लेकीच्या लग्नाचे कपडे तिने शिवले. शिंपीण तापाने पडली तेव्हा ताई पाळी करून यायची आणि हिच्या उशाशी बसायची. खोली एवढीशी, त्यात मशीन, कापडाचे गठ्ठे, खाट. खाटेवरून उतरायचं तर मशीनच्या पायडलवर पाय पडायचा.

तिने तो पडदा दुहेरी गोणपाटाचा केला, खाली वजन म्हणून वाळूची सुरळी शिवली, मधे कोंबड्यांना ये-जा करायला फट ठेवली आणि फटीच्या कडा दुमडून घेतल्या. गोणपाट शिवणं सोपं नाही, सुई मोडते. शिवण उत्तम होती. पुढे काय झालं ते झालं, पण हे सांगायला हवं.

राहिला दिवा.

कोंबडीला थंडी तितकीशी बाधत नाही. पिसं असतात. तिला बाधतो लहान दिवस. उजेड कमी झाला की तिचं शरीर समजून घेतं, ही अंड्यांची वेळ नव्हे. म्हणून दिवस खोटा लांबवायचा. खुराड्यात एक साधा पिवळा बल्ब, आणि तो पहाटे लावायचा. संध्याकाळी लावून चालत नाही, कारण दिवा फटकन विझला की कोंबड्या जमिनीवर असतात तिथेच आंधळ्या होतात, दांडीवर चढू शकत नाहीत. पहाटे लावला तर उजेड आपोआप उजेडात मिसळतो. आणि रोज लावायचा, त्याच वेळी. एकदा धरलं की मध्ये सोडायचं नाही.

अडचण अशी की पहाटे ताई कामावर असायची. ती परत यायची ती ऊन पडल्यावर. शिवाय तिची खोली वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला, तिथून तार आणायची तर सबंध भिंतीवरून आणावी लागली असती, आणि मालक भिंतीला खिळा लावू देत नव्हता. खुराडं शिंपिणीच्या खिडकीखाली होतं. तार तिच्या खोलीतून आली, बटण तिच्या मशीनशेजारी बसलं. खुर्चीवरून उठावंही लागू नये असं. विजेचं बिल ताई भरणार होती.

माझ्याकडे बॉयलरच्या भंगारातून ठेवलेला एक टायमर होता. घड्याळासारखी तबकडी, ठरलेल्या वेळी टक् करून वीज सोडणारी. मी तो पुसूनबिसून घेऊन गेलो.

"हा बसवतो," मी म्हणालो. "कुणाला उठायला नको."

शिंपीण मशीनवर होती. तिने पाय थांबवला. "भाऊ, मी पहाटे उठतेच. माझं शिवण त्याच वेळी होतं, डोळे ताजे असतात तेव्हा. बटण दाबायला मला काय कष्ट?"

"तसं नाही. आपलं यंत्र असलं की..."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही."

ताई माझ्यावरच उखडली. "ठेव ते तुझं डबडं खिशात. घरात माणूस असताना यंत्र कशाला? यंत्र बिघडतं."

मी डबडं खिशात ठेवलं. बॉयलरवर आम्ही माणसावर कधी सोडायचो नाही. झडप होती, झडपेवर दुसरी झडप होती. पण हा बॉयलर नव्हता आणि अंगण माझं नव्हतं.

दिवस लहान व्हायला लागले तसा दिवा लागायला लागला. तलंगांचे तुरे फिकट होते ते गुलाबी झाले, मग लाल. पाठीवर हात ठेवला की खाली बसायला लागल्या. ही खूण असते. ताई पाळीवरून यायची ती झोपायच्या आधी कामाला लागायची. पाण्याच्या भांड्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा, तो फोडून कोमट पाणी. कोंबडी पाण्यावाचून अंडं देत नाही, आणि गार पाणी ती पुरेसं पीत नाही. मग धान्याचा भरडा गरम पाण्यात कालवून. वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांचा चुरा, कवच घट्ट व्हायला. खालचा भुसा उलथायचा, ओला झाला असेल तेवढा काढायचा. संध्याकाळी कामावर जाण्याआधी मूठभर अख्खं धान्य, म्हणजे रात्रभर पोटात दळत राहतं आणि ऊब राहते. हे रोज, भेगाळल्या हातांनी.

पहिलं अंडं मेट्रनने दिलं. लिंबाएवढं, कवचावर रक्ताची बारीक रेघ. पहिलं अंडं असंच असतं. ताई ते तळहातावर घेऊन माझ्या दाराशी आली.

"बघ. ऑपरेशन झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप."

"आणि भूलवाली?"

"ती अजून घड्याळ बघतेय."

मला वाटलं अंडं मला मिळतंय. ते तिने शिंपिणीला नेऊन दिलं. "पहिलं तुझं," म्हणाली, "दिवा तुझा आहे."

थोड्याच दिवसांत बाकीच्याही अंड्यावर आल्या. वॉर्डबॉयनेसुद्धा एक अंडं दिलं, भरडा खायच्या ताटलीत. चारही बिऱ्हाडांना अंडी पोचू लागली. वरच्या मजल्यावरची म्हातारी, जी नाकाने कांदे सोलायची, ती जिन्यात थांबून कोंबड्यांची चौकशी करू लागली. बेकरीवाल्याने विचारलं, उरली तर मला द्याल का. मालक एकदा आला, खरोखर बोट फिरवून बघितलं आणि बोट स्वच्छच निघालं. ताईने धुलाईघरात सांगून ठेवलं, थंडी सरली की मी दुपारची पाळी घेणार. मुकादम म्हणाला, लेखी दे. ती म्हणाली, आधी थंडी सरू दे.

मग अंडी कमी झाली.

आधी ताईने मनावर घेतलं नाही. थंडी वाढली होती. मग अर्ध्या कोंबड्या थांबल्या. मग मेट्रन. ताई माझ्याकडे आली तेव्हा तिचा झगा अंगावरच होता, झोप घेतलेली नव्हती.

"भाऊ, भरड्यात काही खोट असेल का?"

मी भरडा हुंगला. चांगला होता. पिसांत हात घालून उवा बघितल्या. नव्हत्या. झरोका बघितला, पडदा बघितला. तिने भरडा बदलला, पाणी दोनदा बदलायला लागली, भुसा सगळा काढून नवा घातला. तिने एक पत्र्याचा डबा गरम पाण्याने भरून खुराड्यात ठेवायला सुरुवात केली, गोणपाटात गुंडाळून. त्याची गरज नव्हती. पण माणूस घाबरला की जे हाताशी येईल ते करतो. झोप आणखी कमी झाली. एकदा ती रुळापाशी उभ्या उभ्या झोपली आणि बाही रुळात जाता जाता वाचली. हे मला धुलाईघरातल्या दुसरीने सांगितलं, तिने नाही.

शिंपीण तिला धीर द्यायची. "अगं, थंडीच एवढी आहे. माणसं गारठलीत, त्या तर कोंबड्या. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"दिवा लावतेस ना वेळेवर?"

"म्हणजे काय! मशीनवर बसायच्या आधी दिवा, मग दोरा."

सुट्टीच्या दिवशी ताई पहाटे घरी असायची. ती उठून जिन्याच्या खिडकीतून मागे वाकून बघायची. अंगणात पिवळा उजेड पडलेला असायचा. म्हणजे शंका घ्यायला जागा नव्हती.

मग तिने माझ्यावर खापर फोडलं.

"तुझी तार गेली असणार. मधेच बंद पडत असेल. कळत नसेल तिला."

"माझी तार जात नाही."

"बॉयलरही जात नव्हता तुझा. चमचे आपटून आपटून हात दुखायचा माझा."

मी पान्हे आणि वीज तपासायचा बल्ब घेऊन गेलो. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की मला अन्न गोड लागत नाही. दुपारची वेळ होती. शिंपीण कापड आणायला बाजारात गेली होती, पण किल्ली ताईकडे असायची. बटण तपासलं, ठीक. तार खिडकीपासून खुराड्यापर्यंत हाताने चाचपत गेलो, कुठे कातडं सोललेलं नाही. मग खुराड्यात डोकं घातलं, दिव्यापाशी.

बल्बभोवती मी तारेचा पिंजरा बसवला होता, कोंबड्यांनी उडून फोडू नये म्हणून. पिंजऱ्यापासून थेट काचेपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. जाळ्यावर भुशाची धूळ साचली होती. काचेवरही धूळ, मऊ, भाजलेली नाही. पेटता बल्ब तासाभरात हात लावू देत नाही इतका तापतो. त्याच्यावर कोळी घर करत नाही. म्हणजे ताईच्या गेल्या सुट्टीनंतर तो लागलाच नव्हता.

डोकं बाहेर काढताना खाली बघितलं. भुशावर पिसं होती. लहान, मानेवरची. मेट्रनची मान मागच्या बाजूने उघडी पडली होती, कातडी दिसत होती. तरुण कोंबडी पहिल्या थंडीत पिसं झाडत नाही. दाणापाणी नीट असेल तर ती झाडते एकाच कारणाने. लांब केलेला दिवस एकाएकी तोडला की तिला वाटतं, वर्ष संपलं.

"काय सापडलं?" ताईने बाहेरून विचारलं.

"दिवा लागत नाही."

"मग तार..."

"तार चांगली आहे. बटणही चांगलं आहे. कुणी लावत नाही. तुझ्या सुट्टीच्या दिवशी तेवढा लागतो."

तिला अर्थ कळायला वेळ लागला नाही, पण तिने तो घेतला नाही. मी जाळं दाखवलं.

"एका कोळ्याचं ऐकून तू तिच्यावर आळ घेतोस?"

"पिसं बघ."

"तुला टायमर बसवू दिला नाही, त्याचा राग आहे तुझा."

मी पान्हे गोळा केले आणि गल्ली ओलांडली. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावर निघताना ती माझ्या दाराशी थांबली. आत आली नाही.

"पहाटे मी पाळी मधेच सोडून येणार आहे. दुसरी उभी राहतेय माझ्या जागी. तू असशील का अंगणात?"

"कशाला?"

"तू चुकलास तर तुझ्या तोंडावर सांगायला."

मी गेलो. अंधार होता, गवत पायाखाली कुरकुरत होतं. ताई आधीच उभी होती, इस्पितळाचं कांबळं खांद्यावर. तिने हनुवटीने खिडकी दाखवली.

शिंपिणीच्या खिडकीत दिवा होता. मशीन चालू होतं. खिडकीच्या पडद्यावर तिची सावली, डोकं खाली, खांदा पुढे. पायडल मारायची, थांबायची, कापड फिरवायची, पुन्हा मारायची. खिडकीखाली खुराडं काळं ठिक्कर. आत कोंबड्या झोपल्या होत्या. बटण तिच्या कोपरापासून वीतभर लांब असेल. मीच बसवलं होतं.

आम्ही तसेच उभे राहिलो. मला वाटलं ताई तिला वेळ देतेय. आत्ता लावील, मग लावील. एक शिवण झाली, तिने दोरा दाताने तोडला, दुसरं कापड घेतलं. पूर्वेला फटफटायला लागलं. तेव्हा ताईने खिडकीवर टकटक केलं, बोटाच्या पेराने. एकदा.

खिडकी उघडली. शिंपिणीने आधी ताईला बघितलं, मग मला, मग खाली अंधाराकडे. तिचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि खुराड्यात उजेड पडला. कोंबड्या आत कुरकुरल्या.

"अगं बाई, तू आज लवकर? बघ ना, नेमकी आजच विसरले. एवढं काम साठलंय की..."

ताईने खुराड्यातल्या उजेडाकडे बघितलं.

"खरंच गं. आजच."

ताईने कांबळ्यातून हात बाहेर काढला. मुठीत मेट्रनची पिसं होती. ती तिने खिडकीच्या चौकटीवर ठेवली, शिंपिणीच्या बाजूला.

शिंपिणीने पिसांकडे बघितलं. मग मशीनवरचं कापड उगाच घडी करू लागली. "मालक जुना कोट उसवून उलटा शिवायला घेऊन आले होते," ती म्हणाली. "सहज विषय निघाला. म्हणाले, कोंबड्या नाही टिकल्या तर मागे पत्रा टाकून देतो, मशीन तिथे ठेव, गिऱ्हाईक तिकडूनच येईल. मी काय बोलणार? तुला माहीत आहे मी कशी राहते. खाटेवर बसून कापते मी. माझी पाठ गेली."

"माहीत आहे."

"मी काही विष घातलं नाही त्यांना. नुसतं बटण. मला वाटलं, आपोआप होईल. तुलाही वाटेल, थंडीमुळे झालं. आपलं काही बिघडणार नाही."

"आपलं," ताई म्हणाली.

"तुझी पाळी काय, तुला सवय आहे."

हे ती बोलली आणि तिचं तिलाच कळलं. तोंडावर हात गेला. पण शब्द बाहेर आला होता.

ताईने विचारलं, "मला मागितलं का नाहीस? अंगण?"

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

ताईने विचार केला. खरंच केला, मी बघत होतो. "नसतं दिलं," ती म्हणाली. "पण भांडलो असतो. सगळ्या घराला ऐकू जाईल असं भांडलो असतो. तू मला रोज धीर दिलास. सुट्टीच्या दिवशी आठवणीने दिवा लावलास. त्याला किती कष्ट पडले असतील गं तुला."

शिंपीण रडायला लागली. ताई रडली नाही. ती खुराड्यापाशी गेली, पाण्याच्या भांड्यावरचा पापुद्रा टाचेने फोडला आणि भांडं घेऊन वर गेली, कोमट पाणी आणायला.

त्या सकाळी मी तिला म्हणालो, मालकाला सांग. केसाने गळा कापलाय, सांगायलाच हवं.

"काय सांगू? हिने दिवा लावला नाही? हसेल तो. चोरी असती तर सांगता आली असती. मारलं असतं तर वळ दाखवले असते."

बरोबर होतं तिचं. बाहेरच्या माणसाला ते बटणाएवढंच दिसलं असतं. आणि मला अजून वाटतं, मालकाला तसंही पत्रा टाकायचाच होता. पत्र्याखालच्या जागेला भाडं लागतं, कोंबड्यांना लागत नाही.

टायमर मी त्याच दिवशी बसवला, तार माझ्या खोलीतून गल्लीवरून, मग घराच्या छपरावरून ओढून, एकही खिळा न ठोकता. त्याचा उपयोग झाला नाही. कोंबडी एकदा पिसं झाडायला लागली की तिला मधे थांबवता येत नाही. नवी पिसं येईपर्यंत खाल्लेलं सगळं पिसांत जातं. ताईने सगळं चालू ठेवलं. पाणी, भरडा, चुरा, भुसा. आता त्यातून काही निघणार नाही हे ठाऊक असून ठेवलं, आणि एकही दिवस हयगय केली नाही. बिऱ्हाडांच्या टोपल्या रिकाम्या राहिल्या. वरच्या म्हातारीचं नाक पुन्हा वर गेलं. मालक आला, रिकामी खोकी बघितली, माझी लाकडाची अंडी उचलून बघितली आणि हसला. "बाई, ही मात्र टिकाऊ आहेत." ताईने ती त्याच्या हातून घेऊन खोक्यात परत ठेवली. अट तिने मान्य केली होती, ती तिने पाळली.

खुराडं मी मोडून गल्लीपलीकडे माझ्या खोलीमागच्या बोळात आणलं. बोळ अरुंद. तिथे मेट्रन, भूलवाली आणि वॉर्डबॉय एवढ्याच मावल्या. बाकीच्या बेकरीवाल्याच्या बायकोने नेल्या. त्या नेताना दिवस मोठा व्हायला लागला होता. पोत्यात घालताना ताईने एकीच्या पाठीवर हात ठेवला तर ती खाली बसली. ताईने तसंच पोत्याचं तोंड बांधलं. बेकरीवाल्याच्या बायकोने पुढे सांगितलं, काय बाई कोंबड्या दिल्यात, आल्या आल्या अंड्यावर.

खुराड्याचा पडदा ताईने सोबत घेतला नाही. काढला, झटकला, घडी केली, कडेला कड लावून, आणि शिंपिणीच्या दाराशी ठेवला. मी म्हणालो, पडद्याचा काय दोष, चांगला पडदा आहे. ती म्हणाली, तुला हवा तर तू शिव. मी शिवला. तीन सुया मोडल्या आणि तो आजही एका बाजूला लोंबतो.

अंगणात पत्रा पडला. मशीन तिथे गेलं. शिंपिणीला गिऱ्हाईक चांगलं आहे, पाठीचंही बरं आहे असं ऐकतो. वाईट बाई नव्हती ती. मला हे लिहिताना सोपं जात नाही, पण नव्हती.

आता ही दुसरी थंडी. टायमर पहाटे टक् करतो. माझी झोप म्हाताऱ्याची, मला ऐकू येतो. मग भिंतीपलीकडे तिघी खाली उतरल्याचा धप्प धप्प आवाज. जुन्या झाल्या तरी मधून मधून देतात. तिघींच्या अंड्यांनी पाळी सुटत नाही. ताई अजून रात्रीच जाते. सकाळी बोळात येते, पाणी बदलते, भरडा कालवते, आणि अंडं असलं तर एक मला ठेवते. टायमरबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.

गेल्या आठवड्यात ती खुराड्यात वाकली होती. झग्याचा खिसा फाटून पुन्हा शिवलेला दिसला. तिने स्वतः शिवला होता. त्या हातांनी सुई धरायची म्हणजे काय, ते मला माहीत आहे. टाके लांब, वेडेवाकडे, एक इकडे तर एक तिकडे, दोरा झग्याच्या रंगाचा नाही. कडेला कड लागलेली नव्हती.

मी आयुष्यभर वाईट कामाला तोंडावर वाईट म्हणत आलो.

"काय बघतोस?" तिने विचारलं.

"वॉर्डबॉय कुठे गेली ते," मी म्हणालो.